कंपनीसाठी नवा सर्व्हर आणि एचपीसी (हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-भोसरीचे सुटे भाग बनवणारे कारखाने, कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्री, नाशिकच्या डिझाइन कंपन्या, वेर्ण्यातल्या औषध कंपन्या अशा ठिकाणी आयटी सांभाळणारी मंडळी आणि खरेदीवर सही करणारे मालक यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. सर्व्हर एकदा आला की पाच-सात वर्षं जागचा हलत नाही. म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

सर्व्हर फार हळू चालतोय. नवा घेतला की प्रश्न सुटेल का?

सुटेलच असं नाही. आधी तो कशामुळे अडतोय ते पाहा. कामाच्या ऐन गर्दीचा एक आठवडा निवडा आणि चार गोष्टींची नोंद ठेवा: प्रोसेसर किती टक्के व्यग्र आहे, मेमरी किती भरली आहे, डिस्कसाठी कामं किती वेळ ताटकळतात आणि नेटवर्क किती वापरलं जातंय. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटर आणि लिनक्सवर सार किंवा आयओस्टॅट पुरेसं आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

महिनाअखेरीला ईआरपी (हिशेब, साठा, ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर) रखडतं तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर निवांत असतो आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपाशी रांग लागलेली असते. तिथे दोन एनव्हीएमई एसएसडी (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्क) टाकल्या किंवा डेटाबेसची एखादी क्वेरी नीट लिहून घेतली, तर नव्या सर्व्हरची गरजच उरत नाही. ही नोंद हातात नसताना मागवलेलं कोटेशन म्हणजे विक्रेत्याचा अंदाज. तो अंदाज चुकला तर भुर्दंड तुम्हाला बसतो.

एचपीसी म्हणजे नेमकं काय? ते मोठ्या संस्थांचंच काम ना?

एकच मोठं गणित अनेक कोरवर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग), जीपीयूवर (एकाच वेळी हजारो छोटी गणितं करणारं कार्ड) किंवा अनेक सर्व्हरवर वाटून एकाच वेळी सोडवायचं, ते एचपीसी. ईआरपी किंवा फाइल सर्व्हरचं काम वेगळं असतं. तिथे अनेक माणसांच्या छोट्या छोट्या विनंत्या येतात.

फाउंड्रीचं उदाहरण घ्या. साच्यात धातू कसा भरेल, कुठे आधी गोठेल आणि आकुंचनाची पोकळी कुठे पडेल हे ओतण्याआधी सिम्युलेशनवर पाहता येतं. एक रन सकाळी लावून दुसऱ्या दिवशी निकाल मिळत असेल तर रायझरची (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा) जागा दिवसाकाठी एकदाच बदलून पाहता येते. तोच रन तीन तासांवर आला तर त्याच दिवशी तीन पर्याय तपासून होतात आणि पॅटर्न कापायच्या आधीच चूक सापडते. एचपीसीचा फायदा मोजायचा तो असा, वाचलेल्या रिजेक्शनमध्ये.

मोठ्या संस्थांचंच काम म्हणाल, तर ते एकेकाळी खरं होतं, आणि त्याची उदाहरणं पुण्यातच आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने १९९१ साली इथे ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये टाटा समूहाच्या कंपनीने पुण्यातच बांधलेला ‘एका’ जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथा आला, आणि तो खासगी पैशातून उभा राहिला होता. आज मात्र दोन प्रोसेसरचा एक चांगला सर्व्हर त्या ‘परम ८०००’ला कितीतरी मागे टाकतो आणि मध्यम कारखान्याच्या आवाक्यात असतो.

कोर जितके जास्त, तितकं काम लवकर होतं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात.

समजा, तुमच्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून करता येतो आणि ५ टक्के भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो. १६ कोरवर ते काम एका कोरच्या साधारण ९ पट वेगाने होईल. ६४ कोरवर? १५ पट. कोर चौपट झाले, पण वेग पावणेदोन पटही झाला नाही. आणि कितीही कोर लावले तरी २० पटीच्या पुढे ते जाऊच शकत नाही, कारण ते ५ टक्के तिथेच राहतात.

त्यामुळे तुमच्याच एका खऱ्या जॉबवर ८, १६ आणि ३२ कोर देऊन वेळ लिहून काढा. आलेख कुठे आडवा व्हायला लागतो ते दिसलं की किती कोर घ्यायचे याचं उत्तर मिळतं. हायपर-थ्रेडिंग (एका कोरला दोन कोरसारखं वापरण्याची सोय) बंद करूनही एकदा पाहा. द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या गणितात ते बंद ठेवल्याने बरेचदा फायदाच होतो.

एएमडी घ्यावा की इंटेल?

दोन्हीकडे आज उत्तम पर्याय आहेत. एएमडीच्या एपिक ९००५ मालिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण ताकदीचे १२८ कोर किंवा आटोपशीर प्रकारचे १९२ कोर एका प्रोसेसरमध्ये मिळतात. इंटेलच्या झिऑन ६ मध्ये ६९०० पी मालिका १२८ कोरपर्यंत जाते, ६७०० पी मालिका ८६ पर्यंत. झिऑनमध्ये एआयच्या मॅट्रिक्स गणितासाठी एएमएक्स नावाची वेगळी सोय आहे. एपिककडे कमी कोर आणि जास्त वेग असलेली एफ अक्षराची मॉडेलं आहेत, उदाहरणार्थ ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा ६४ कोरचा ९५७५ एफ. लायसन्स कोरवर मोजलं जात असेल तर माझी पसंती अशा कमी कोरच्या वेगवान मॉडेलला असते.

ब्रँडवरून वाद घालण्यापेक्षा मेमरीचे चॅनेल (मेमरीतून प्रोसेसरकडे डेटा येण्याच्या वाटा) किती आहेत ते विचारा. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

कोटेशनमध्ये ‘२५६ जीबी मेमरी’ लिहिलंय. आणखी काय तपासायचं?

ती २५६ जीबी किती पट्ट्यांमध्ये येणार, हे तपासा. हा एक आकडा कोटेशनमध्ये बरेचदा नसतो आणि सगळा फरक त्यानेच पडतो.

एपिक ९००५ ला मेमरीचे १२ चॅनेल असतात. डीडीआर५-६००० ची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबी डेटा पुरवते. बाराही चॅनेल भरले तर ५७६ जीबी. विक्रेत्याने ६४ जीबीच्या चारच पट्ट्या लावल्या तर कागदावर २५६ जीबी बरोबर दिसतात, पण डेटा सेकंदाला १९२ जीबीच्याच वेगाने येतो. प्रोसेसरचे पैसे पूर्ण मोजले आणि त्याचा दोन तृतीयांश मेमरी-वेग रिकाम्या खाचांमध्ये राहिला. प्रवाहाचं, कास्टिंगचं, हवामानाचं सिम्युलेशन याच मेमरी-वेगावर चालतं. म्हणून ३२ जीबीच्या बारा पट्ट्या, म्हणजे ३८४ जीबी, मागा. बजेट बसत नसेल तर १६ जीबीच्या बारा पट्ट्यांची १९२ जीबी घेतलेली बरी, अर्थात तुमचं मॉडेल तेवढ्यात मावत असेल तर. दोन प्रोसेसर असतील तर दोन्ही बाजू सारख्याच भरा.

कोरची संख्याही इथेच ठरते. सेकंदाला येणारे ते ५७६ जीबी १२८ कोरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार जीबी येतात, ३२ कोरमध्ये वाटले तर अठरा. मेमरीवर अडणाऱ्या कामात ते १२८ कोर बराच वेळ हात चोळत बसलेले असतात.

एक सूचना: २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. कोटेशन किती दिवस वैध आहे ते वाचा, आणि ‘मेमरी नंतर वाढवू’ या भरवशावर अर्धवट सर्व्हर घेऊ नका.

लायसन्सचा हार्डवेअरशी काय संबंध?

फार जवळचा. काही ठिकाणी लायसन्स हार्डवेअरपेक्षा महाग पडतं.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रत्यक्ष कोरवर मोजतात, प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोर. ६४ कोरचे दोन प्रोसेसर घेतले की १२८ कोरचं लायसन्स आलंच, तुम्ही ते कोर वापरा किंवा वापरू नका. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या स्टँडर्ड आवृत्तीला वरची मर्यादाही आहे: २०२२ ची आवृत्ती २४ कोरच्या पुढे वापरतच नाही, २०२५ ची ३२ च्या पुढे नाही. त्यासाठी ९६ कोरचा सर्व्हर घेणं म्हणजे शुद्ध नुकसान.

सिम्युलेशनमध्ये ॲन्सिस या सॉफ्टवेअरचा हिशेब पाहा. मूळ लायसन्ससोबत साधारण ४ कोर मिळतात. एक एचपीसी पॅक (जादा कोरचं लायसन्स) घेतला तर त्यावर ८ कोर वाढतात, दोन घेतले तर ३२, तीन घेतले तर १२८. दोन पॅक असलेल्या कंपनीला ३६ कोरच्या पुढचे कोर त्या जॉबसाठी निरुपयोगी. ओपनफोमसारख्या मुक्त सॉफ्टवेअरला अशी मर्यादा नाही, पण ते चालवणारा जाणकार माणूस पदरी हवा.

जीपीयू घ्यायचा आहे. कोणता?

काम एआयचं आहे की अभियांत्रिकीच्या गणिताचं, यावर उत्तर पूर्ण बदलतं.

बऱ्याच अभियांत्रिकी सॉल्व्हरना (समीकरणं सोडवणारी सॉफ्टवेअर) ६४ बिटांची अचूकता लागते. एन्व्हिडियाचा एच१०० हे गणित ३४ टेराफ्लॉप्सपर्यंतच्या वेगाने करतो, म्हणजे सेकंदाला ३४ लाख कोटी गणितं. एल४०एस हे कार्ड एआय आणि ग्राफिक्ससाठी फार चांगलं आहे, पण ६४ बिटांच्या गणितात ते दीड टेराफ्लॉप्सच्याही खाली राहतं. ‘नवी पिढी म्हणजे जास्त वेग’ हेही सरसकट धरू नका. एआयच्या मागणीपायी एन्व्हिडियाच्याच ब्लॅकवेल अल्ट्रा पिढीतल्या बी३०० मध्ये ६४ बिटांची ताकद मुद्दाम खूप घटवली आहे. सॉल्व्हरच्या कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तुमचं नेमकं मॉड्यूल जीपीयूवर चालतं का, आणि त्याला कोणती अचूकता लागते.

कंपनीची कागदपत्रं बाहेर न पाठवता एआय मॉडेल ऑफिसमध्येच चालवता येईल का?

येईल. मेमरीचा हिशेब सोपा आहे. ७० अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेले आकडे) मॉडेल १६ बिटांत ठेवलं तर नुसत्या त्या आकड्यांनाच १४० जीबी लागतात. ४ बिटांवर आणलं तर ३५ जीबी, आणि त्यावर संभाषणाच्या संदर्भासाठी आणखी जागा. म्हणजे ४ बिटांचं मॉडेल ४८ जीबीच्या एका एल४०एसवर मोजक्या लोकांसाठी चालतं. १६ बिटांचं मॉडेल १४१ जीबीच्या एच२००वर जेमतेम मावतं आणि संदर्भाला जागा उरत नाही. एएमडीच्या एमआय३००एक्सला १९२ जीबी आहेत.

बिलं वाचणं, चौकशीच्या ईमेलना मसुदा देणं, गुणवत्तेच्या जुन्या अहवालांत शोध घेणं या कामांना ७ ते १४ अब्जांची मॉडेलं बरेचदा पुरतात आणि ती २४ जीबीच्या कार्डावर चालतात. तिथून सुरुवात करा. मात्र मराठी कागदपत्रं असतील तर मॉडेल निवडण्याआधी तुमच्याच शंभरेक कागदांवर ते तपासा. इंग्रजीत चांगलं वाटणारं छोटं मॉडेल मराठीत पार अडखळू शकतं.

एक मोठा सर्व्हर की लहान सर्व्हरांचा क्लस्टर?

एका सर्व्हरमध्ये काम मावत असेल तर एकच घ्या. क्लस्टर म्हटलं की नेटवर्क, सामायिक स्टोरेज, स्लर्मसारखा जॉब शेड्युलर (कामं रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) आणि हे सगळं सांभाळणारा माणूस लागतो.

क्लस्टर लागणारच असेल तर साध्या गिगाबिट इथरनेटवर तो बांधू नका. सिम्युलेशनमध्ये सर्व्हर एकमेकांना सतत छोटे निरोप पाठवतात. इन्फिनिबँड या सर्व्हर जोडणाऱ्या खास वेगवान नेटवर्कवर एका निरोपाला एक-दोन मायक्रोसेकंद लागतात, इथरनेटवर त्याच्या दहापट आणि त्याहून जास्त. दोनच सर्व्हर असतील तर महागडा स्विच न घेता दोन इन्फिनिबँड कार्डं थेट केबलने जोडता येतात. त्यातल्या एका सर्व्हरवर सबनेट मॅनेजर (ती जोडणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवला की झालं. ही जोडणी फार कमी विक्रेते आपणहून सुचवतात.

रेड आहे म्हणजे बॅकअप आहे ना?

नाही. रेड (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत) एखादी डिस्क मेल्यावर वाचवतं. चुकून पुसलेली फाइल, रॅन्समवेअर आणि आग यांपासून ते वाचवत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत कंपनीच्या आवाराबाहेर आणि नेटवर्कपासून तुटलेली, हा नियम पाळा. २० टीबीच्या डिस्कची पुनर्बांधणी एक दिवसाहून जास्त चालू शकते आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर रेड ५ संपलं. मोठ्या डिस्कना दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं रेड ६ च लावा.

वीज आणि एसीचं काय? सर्व्हर रूम म्हणजे एक छोटी खोली आहे.

हा प्रश्न ऑर्डरच्या आधी यायला हवा. दोन ४०० वॉटचे प्रोसेसर, मेमरी, पंखे आणि डिस्क धरून एक सर्व्हर भरात असताना १.२ किलोवॅटच्या आसपास घेतो. तो वर्षभर अखंड चालला तर साडेदहा हजार युनिट होतात. एसी आणि यूपीएसची गळती धरून चौदा-पंधरा हजार. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला दीड लाखाच्या आसपास, पाच वर्षांत सात लाखांच्या पुढे. किमतीची तुलना करताना हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

आठ एच१०० असलेला एन्व्हिडियाचा डीजीएक्स सर्व्हर कमाल १०.२ किलोवॅट घेतो आणि त्याचं वजन सुमारे १३० किलो असतं. एक टन एसी ३.५ किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे या एका मशीनलाच तीन टन लागतात. मंजूर भार वाढवायला महावितरणकडे अर्ज, थ्री-फेज लाइन, योग्य पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणारी पट्टी), जमिनीची भार पेलण्याची क्षमता हे सगळं मशीन येण्याआधी व्हायला हवं.

एसी घरगुती नको. तो दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेला नसतो. दोन एसी ठेवा, आलटून पालटून चालणारे, म्हणजे मे महिन्यात एक बंद पडला तरी दुसरा खोली सांभाळतो. खोली फ्रीजसारखी गार करण्याची गरज नसते. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असली की पुरे. यूपीएस घेताना केव्हीए नव्हे, किलोवॅट पाहा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज दोनच्या आत आहे याची खात्री करा. मशीन शॉपमधल्या वेल्डिंगची आणि सर्व्हरची लाइन एकच असू नये.

तारापूर, महाड, लोटे इथल्या रासायनिक पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. हवेतले गंधकाचे वायू बोर्डवरचं तांबं आणि चांदी हळूहळू खातात. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दमट खारी हवा तेच करते. बाहेरची हवा थेट आत घेऊ नका, खोली नीट बंद करा आणि आर्द्रता मोजत राहा.

क्लाउड घ्यावा की स्वतःचा सर्व्हर?

वर्षाचे तास ८७६०. तुमचं जड काम रोज सहा तास आणि कामाच्या दिवशीच चालत असेल तर होतात दीड हजार तास, म्हणजे सतरा टक्के. एवढ्यासाठी यंत्र विकत घेणं मला पटत नाही, भाड्याने घ्या. ॲमेझॉन आणि गुगलचा मुंबईत, मायक्रोसॉफ्टचा पुण्यात क्लाउड विभाग आहे, त्यामुळे डेटा देशातच राहतो. यंत्र निम्म्याहून जास्त वेळ व्यग्र राहणार असेल तर स्वतःचंच स्वस्त पडतं. मधल्या पट्ट्यात दोन्ही वापरा: रोजचं घरच्या सर्व्हरवर, टेंडरच्या गर्दीतलं क्लाउडवर.

क्लाउडवर निकालाच्या मोठ्या फाइली खाली उतरवायला वेगळे पैसे पडतात. निकाल तिथेच रिमोट डेस्कटॉपवर पाहा आणि फक्त चित्रं व अहवाल उतरवा. काम संपल्यावर मशीन आपोआप बंद होईल अशी सोय पहिल्याच दिवशी लावा.

सरकारी सुविधा लहान कंपन्यांना मिळतात का?

मिळतात, आणि त्यांच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही याची खंत वाटते. इंडिया एआय मिशनच्या कंप्युट पोर्टलवर स्टार्टअप आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांना जीपीयू सवलतीत मिळतात, पात्र वापरकर्त्यांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पुण्यात सी-डॅककडे ‘ऐरावत’ आहे, जो २०२३ च्या जूनमध्ये जागतिक यादीत ७५ वा होता. टेबलाशेजारी ठेवता येईल असा ‘परम शावक’ही सी-डॅकनेच बनवला. अर्जात कामाचं स्वरूप, लागणारे तास आणि सॉफ्टवेअर नेमकं लिहावं लागतं. वर सांगितलेली मोजमापं इथेही कामी येतात.

रिफर्बिश्ड सर्व्हर चालेल का?

चाचणीसाठी, बॅकअपसाठी, शिकण्यासाठी जरूर. रोजच्या उत्पादनाच्या कामाला नको. जुना सर्व्हर वीज जास्त खातो आणि सुटा भाग मिळायला वेळ लागतो. घेतलाच तर एसएसडीचं उरलेलं आयुष्य तपासा, जीएसटीचं बिल घ्या आणि फर्मवेअरचे अपडेट अजून मिळतात का ते पाहा.

लिनक्स कोणता टाकावा? आणि नोंदी ठेवाव्या लागतात का?

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यावर नवं काही उभं करू नका. रॉकी किंवा अल्मालिनक्स घ्या, पण आधी सिम्युलेशन सॉफ्टवेअरची मान्य यादी पाहून. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. लॉगसाठी डिस्कची जागा सुरुवातीलाच धरा.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून काय करून घ्यायचं?

तुमचा स्वतःचा एक जॉब त्यांच्या डेमो मशीनवर चालवून घ्या. गोपनीय भूमिती द्यायची नसेल तर तेवढ्याच मेशचा (गणितासाठी भूमितीचे केलेले छोटे तुकडे) दुसरा भाग द्या. आलेली वेळ खरेदीच्या कागदात अट म्हणून लिहा: अमुक जॉब अमुक मिनिटांत, नाहीतर शेवटचा हप्ता रोखला जाईल. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही.

वॉरंटीत ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ म्हणजे इंजिनिअर येणार की नुसता फोन येणार, ते विचारा. सुटे भाग पुण्या-मुंबईच्या गोदामात आहेत की बंगळूरहून येणार, तेही विचारा. सांगली किंवा सावंतवाडीचा पत्ता त्या सेवेत बसतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. मशीन आल्यावर सिरीयल नंबर निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तुमच्या नावावर आणि भारतासाठी आहे का ते पाहा, मगच पैसे सोडा. पहिले तीन दिवस पूर्ण भारावर ते अखंड चालवा आणि त्या काळात मेमरीच्या ईसीसी चुकांची (मेमरी स्वतःच पकडते त्या चुका) नोंद रोज तपासा. एखादी पट्टी खराब असेल तर ती याच दिवसांत सापडते आणि लगेच बदलून मिळते.